टोलाकडे कान, हाताकडे डोळा

पहाटे साडेपाच

चार्जरवरच्या दोन्ही बॅटऱ्या काढतो, कार्ड रिकामं आहे ना ते पाहतो, लेन्स पुसतो. पिशवीत दोनच लेन्स आहेत, एक ३५ मिलिमीटरची आणि एक ८५ची. झूम घरीच राहते. झूम हातात असली की माणूस एका जागी खिळतो, आणि फोटोग्राफीतलं निम्मं शिक्षण पायांचं आहे. दोन पावलं पुढे, गुडघ्यावर बसून, भिंतीला पाठ लावून, एवढ्याने चित्र जेवढं बदलतं तेवढं महागड्या काचेने बदलत नाही.

श्रावणातला दिवस, आभाळ भरलेलं. आजची कामं तीन: सकाळी शरणपूर, दुपारी फोटोग्राफीचा वर्ग, संध्याकाळी ढोलपथकाचा सराव. विषय तिन्हीकडे एकच आहे, आफ्रिकेचं संगीत आणि ते वाजवणाऱ्या माणसांचे फोटो. नाशकात राहून हा विषय कुठून काढला, असं लोक विचारतात. मला तो शोधावा लागला नाही. नाशिकच्या एका रस्त्याला आजही त्या वस्तीचं नाव आहे, जिथे आफ्रिकेतून आलेली मुलं राहून गेली.

सकाळी सव्वासहा

शरणपूर रस्ता या वेळी मोकळा असतो. तासाभराने कॅनडा कॉर्नरपासून शाळेच्या रिक्षा आणि दुचाक्यांची रांग लागेल, मग कॅमेरा उभा करायलाही जागा मिळायची नाही. मी चर्चच्या बाजूला वळतो.

१८५४ मध्ये विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने तेव्हाच्या नाशिक शहराबाहेर हे ख्रिस्ती गाव वसवलं. चर्च मिशनरी सोसायटीचं हे काम. पुढे १८६०च्या आसपास इथे आफ्रिकन मुलांचा आश्रम सुरू झाला. त्या काळात ब्रिटिश आरमाराची जहाजं अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबतं पकडत. सुटलेली माणसं मुंबईला उतरवली जात, आणि त्यांतली बरीचशी मुलं मिशनऱ्यांच्या हवाली होत. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या प्रदेशातून पळवलेली, किनाऱ्यावर विकलेली, समुद्रावर सुटलेली ही पोरं घाट चढून नाशकात आली. इथे ती लिहायला-वाचायला शिकली, सुतारकी आणि लोहारकी शिकली, प्रार्थना शिकली. बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांना नवी नावं मिळाली. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, केरस फॅरार, एडवर्ड गार्डनर. ही सगळी ‘नासिक बॉइज’ म्हणून जगाच्या इतिहासात गेली आणि नाशिकच्या बोलण्यातून मात्र निसटली.

ढगाळ सकाळचा उजेड माणसाच्या चेहऱ्यासाठी सर्वांत चांगला. ऊन थेट नसल्यामुळे डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडत नाहीत, आणि डोळे मिचकावेही लागत नाहीत. चर्चला लवकर आलेल्या एका आजींना विचारतो, “आजी, तुमचा एक फोटो काढू का?” विचारणं आधी, कॅमेरा डोळ्याला लावणं नंतर. हा क्रम मी कधी मोडत नाही. आजी पदर सारखा करतात आणि लगेच ताठ उभ्या राहतात. मी त्यांना दाराच्या आत एक पाऊल घ्यायला सांगतो आणि तोंड बाहेरच्या उजेडाकडे ठेवायला सांगतो. आता मागे अंधार आहे, चेहऱ्यावर एका बाजूने मऊ उजेड आहे, आणि गालाचं हाड, कपाळाची रेघ सगळं उठून आलंय. स्टुडिओतल्या दिव्यांनी जे करायला तास लागतो ते उघडं दार आणि एक पाऊल मिळून करतात.

“त्या काळची हबशी पोरं इथंच राहायची म्हणतात,” आजी आपणहून सांगतात. “आमच्या आजोबांच्या तोंडून ऐकलेलं.”

“त्यांची गाणी वगैरे काही?”

“गाणी चर्चची. दुसरी कुठली म्हणत असतील तर कोणाला माहीत, बाबा.”

आजींचं नाव, आजची तारीख, जागा, हे वहीत तिथेच लिहितो आणि त्यांना वाचून दाखवतो. स्पेलिंगची चूक आत्ता सुधारते, पन्नास वर्षांनी सुधारत नाही.

सकाळी साडेनऊ

मिसळ खाऊन वाचनालयात. सार्वजनिक वाचनालयाची स्थापना १८४० ची. पॅरिसमध्ये दागेरने फोटोची कृती जगापुढे मांडली ती १८३९ मध्ये. या दोन सनांमध्ये एकाच वर्षाचं अंतर आहे हे मला फार आवडतं. नाशिकचं वाचन आणि जगाची फोटोग्राफी जवळजवळ एका वयाची आहेत.

१८८३चं नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर पुन्हा चाळतो, शरणपूरचा मजकूर वाचतो. पण आज मला खरं पाहायचं आहे ते एक छायाचित्र, ज्याची प्रत मी बरोबर आणली आहे. १८७४ मधलं. जहाजावर एक शवपेटी, आणि तिच्याजवळ एक तरुण आफ्रिकन माणूस. तो जेकब वेनराइट. पेटीत डेव्हिड लिव्हिंगस्टन, आफ्रिकेत फिरलेला शोधप्रवासी.

लिव्हिंगस्टनने आपल्या शेवटच्या प्रवासासाठी नाशिकच्या आश्रमातून नऊ मुलं घेतली होती. जानेवारी १८६६ मध्ये ती त्याच्याबरोबर मुंबईहून झांजिबारला निघाली. जेकब त्या नऊ जणांत नव्हता. तो १८७२ मध्ये, लिव्हिंगस्टनला शोधून काढणाऱ्या पत्रकार स्टॅन्लीने पाठवलेल्या तुकडीतून, नाशिकच्या आणखी काही सोबत्यांसह, लिव्हिंगस्टनकडे पोहोचला. १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबोच्या गावी लिव्हिंगस्टन वारला. त्याचं हृदय तिथल्याच एका झाडाखाली पुरलं. त्या वेळी इंग्रजीतली अंत्यप्रार्थना वाचायला जेकब पुढे झाला, कारण ती त्याला येत होती, शरणपूरला शिकलेली. मग लिव्हिंगस्टनचे जुने सोबती सुसी आणि चुमा, जेकब आणि इतरांनी तो देह वाळवून, कापडात गुंडाळून, झाडाच्या सालीत बांधून महिनोन् महिने चालत किनाऱ्यापर्यंत आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये दफन झालं, आणि पेटीला खांदा देणाऱ्यांत जेकब होता.

मी भिंगाखाली फोटो धरतो. तेव्हाच्या ओल्या काचेवरच्या पद्धतीत काही सेकंद हलायचं नाही, श्वाससुद्धा जपून. म्हणून त्या काळातली सगळी माणसं गंभीर दिसतात, दुःखात असोत की नसोत. पण जेकबच्या बाबतीत त्या ताठ उभं राहण्याखाली मला आणखी काही दिसतं. हजारो मैलांची जबाबदारी पार पाडून आलेला तो विशीतला मुलगा आहे, आणि त्याचा हात कुठे ठेवायचा हे फोटोग्राफरने ठरवलेलं असलं तरी डोळे कुठे ठेवायचे हे त्याने स्वतः ठरवलंय.

या चित्रात जे नाही त्याचा विचार मी गेले काही दिवस करतोय. आवाज. जेकब याओ जमातीचा, आजच्या मलावी आणि मोझांबिकच्या भागातला. त्या भागात मूल पाठीवर असल्यापासून ढोलाच्या सोबत वाढतं. पेरणी, कापणी, वयात येणं, मरण, सगळ्याला ताल असतो, आणि एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची ही रीत असते. शरणपूरला आलेल्या पोरांच्या अंगात ते आलंच असणार. १८७५ मध्ये प्राइसने मोंबासाजवळ फ्रेअर टाउन ही मुक्त गुलामांची वसाहत उभी केली आणि नाशिकची आफ्रिकन मंडळी तिकडे गेली. त्यांना तिथे ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणू लागले. एडिसनचा फोनोग्राफ आला १८७७ मध्ये. दोनच वर्षांनी. कॅमेरा तेव्हा साडेतीन दशकांहून जुना होता, म्हणून चेहरे राहिले. गाणी राहिली असती ती कुणी कान देऊन लिहून घेतली असती तरच.

आणि या सगळ्यात जेकबने स्वतः काय केलं? हृदय पुरलं त्या झाडाच्या खोडावर त्याने कोरलं: लिव्हिंगस्टनचं नाव, तारीख, आणि बरोबरच्या माणसांची नावं. तो कोरलेला खोडाचा भाग पुढे लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे गेला. माझ्या दृष्टीने तो फोटोखालच्या ओळीचा उत्तम नमुना आहे. कोण, कधी, कुठे, कोणाबरोबर. शरणपूरच्या सुतारशाळेतल्या पोरांच्या हाताला लाकूड ओळखीचं होतं, आणि नाव लिहून ठेवल्याशिवाय माणूस हरवतो हे स्वतःचं मूळ नाव गेलेल्या मुलाइतकं कोणाला ठाऊक असणार?

सकाळी साडेअकरा

लॅबमध्ये जाऊन आठ बाय बाराचे प्रिंट ताब्यात घेतो. रतनपूरच्या एका मलुंगावादकाचे आहेत, मी त्यांना चाचा म्हणतो. गुजरातेत भरूच जिल्ह्यात, राजपिपळ्याच्या टेकड्यांत, बावा गोर यांचा दर्गा आहे. अकीकाच्या खाणींचा तो मुलूख. तिथल्या आफ्रिकन वंशाच्या सिद्दी समाजाचं दैवतच ते. सिद्दी म्हटल्यावर आपल्याला मुरूडचा जंजिरा आठवतो, आणि ते बरोबरच आहे; १९४८ पर्यंत तिथे सिद्दी नवाबाचं संस्थान होतं. पण राज्य करणारे सिद्दी वेगळे आणि दर्ग्यात ‘धमाल’ हा नाच करणारे फकीर सिद्दी वेगळे. आफ्रिकेचं वाजवणं जपलं ते दुसऱ्यांनी. पहिल्यांचे किल्ले फोटोत भरपूर येतात, दुसऱ्यांची वाद्यं येत नाहीत. हे मला सलतं.

मलुंगा म्हणजे मोठं धनुष्य, त्याला एकच तार, आणि धनुष्याला बांधलेला दुधी भोपळा. वादक काठीने तारेवर वाजवतो आणि भोपळ्याचं तोंड पोटाशी जवळ-दूर करून आवाज उघडतो, मिटतो. ब्राझीलमधलं बेरिंबाऊ याच घराण्यातलं, कारण तिकडेही माणसं त्याच खंडातून जहाजात घालून नेली. बरोबर मुगरमान, म्हणजे पायांवर उभा राहणारा उंच ढोल. मुसिंडो, दोन तोंडांचा. आणि माई मिसरा, नारळाच्या करवंटीचा खुळखुळा. मला प्रत्येक वेळी आपल्या सुरगाणा-पेठ भागातली पावरी आठवते. तीही भोपळ्याच्या तुंब्याची. दोन समुद्रकाठांवरच्या माणसांना वाळलेल्या भोपळ्यात सूर सापडला.

चाचांचा फोन येतो, तेवढ्यात. प्रिंट निघाले का विचारतात.

“निघाले चाचा. आजच कुरिअर करतो. तीन आहेत.”

“माझा हात दिसतो का त्यात? मागे एकाने काढला होता, त्यात नुसतं तोंड. मलुंगा अर्धा कापलेला.”

“पूर्ण आहे. वरचं टोकसुद्धा.”

“मग ठीक.”

चाचांनी एका वाक्यात सांगितलं ते पुस्तकात एक प्रकरण घेतं. वाद्य म्हणजे वादकाचा अवयव. माणसाचा फोटो काढताना मनगटावर, घोट्यावर, सांध्यावर चौकट कापू नये हा नियम सगळे शिकवतात. वाद्याचं टोक, ढोलाचा पाय, तारेचा शेवट कापू नये हे फारसं कोणी शिकवत नाही. मलुंगा माणसाच्या डोक्याच्या वर जातो, म्हणून चौकट उभी घ्यावी लागते, आणि दोन पावलं मागे जावं लागतं. मागे गेल्यावर पार्श्वभूमी येते, मग तीही नीट निवडावी लागते. बारीक धनुष्य झाडीसमोर हरवतं. आभाळासमोर किंवा साध्या भिंतीसमोर त्याची रेघ दिसते. मी चाचांना दर्ग्याच्या पांढऱ्या भिंतीपाशी उभं केलं होतं, आणि तिथून पुढचा प्रश्न सुरू झाला तो उजेडाचा. तो आज वर्गात घ्यायचा आहे.

दुपारी दोन

वर्गात कॉलेजची मुलंमुली, एक निवृत्त बँक अधिकारी, एक लग्नाचे फोटो काढणारा तरुण. भिंतीवर दादासाहेब फाळक्यांचा फोटो आहे. चित्रपटाआधी ते छायाचित्रकार होते, गोध्र्याला त्यांनी स्टुडिओ चालवला होता, हे मी पहिल्या दिवशीच सांगतो. १८७० मध्ये त्र्यंबकेश्वरला जन्मलेला तो मुलगा पाळण्यात होता तेव्हा, तीसेक किलोमीटरवर शरणपुरात, आफ्रिकेची पोरं रंधा मारत होती.

चाचांचा फोटो पडद्यावर. त्याच जागेवरून काढलेले दोन. एकात चाचांचा चेहरा काळा डाग झालाय, दुसऱ्यात त्याच्यावरची प्रत्येक सुरकुती दिसते.

“कॅमेऱ्याचा मीटर सगळ्या जगाला मध्यम राखाडी धरतो,” मी सांगतो. “समोर मोठी पांढरी भिंत आली की त्याला वाटतं उजेड फार आहे, आणि तो सगळंच गडद करतो. चाचांचा चेहरा त्यात बुडतो. मग काय करायचं?”

“एक्स्पोजर वाढवायचं, सर. प्लस एक.”

“बरोबर. आणि फक्त चेहऱ्यावर स्पॉट मीटर धरला तर?”

जरा शांतता. मग लग्नवाला तरुण म्हणतो, “मग उलटं. तो चेहऱ्याला राखाडी करेल. म्हणजे जास्त उजळ, धुतल्यासारखा.”

“तेव्हा एक स्टॉप खाली. सावळ्या, काळ्या त्वचेचा खरा रंग ठेवायचा, तिला गोरं करायचं नाही.”

इथे मी थांबतो आणि शर्ली कार्डाची गोष्ट सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय हा धडा पुरा होत नाही. कोडॅक कंपनी रंगीत प्रिंट करणाऱ्या लॅबना एक नमुना कार्ड देत असे. त्यावर गोऱ्या बाईचा फोटो. तिची त्वचा बरोबर आली की प्रिंट बरोबर. अनेक दशकं जगभरच्या लॅब त्या कार्डावर बेतलेल्या होत्या, आणि फिल्मची रसायनंही त्याच त्वचेवर जुळवलेली. काळ्या मुलांचे शाळेतले फोटो बिघडत होते, आईवडील कुरकुरत होते. पण सुधारणेला जोर आला तो चॉकलेट आणि लाकडी फर्निचर बनवणाऱ्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नाहीत अशी तक्रार केल्यावर. हे ऐकून वर्गातली एक मुलगी, स्वतः सावळी, म्हणते, “म्हणून माझ्या बहिणीच्या लग्नातले जुने फोटो तसे आहेत का?” अल्बम कुठल्या लॅबचा हे न पाहता मी उत्तर देऊ शकत नाही, पण तो प्रश्न वर्गातल्या सगळ्यांच्या घरी घेऊन जाण्यासारखा आहे. नाशकातली बहुतेक घरं सावळ्या माणसांचीच आहेत. चाचांचा चेहरा नीट काढायला शिकणं म्हणजे आपल्या आईचा चेहरा नीट काढायला शिकणं.

मग मालिक सिदिबे. मालीतल्या बामाको शहराचा हा छायाचित्रकार माझ्या मते संगीताचे फोटो काढणाऱ्यांत सर्वांत मोठा, आणि त्याच्या गाजलेल्या चित्रांत वाद्य क्वचितच दिसतं. १९६० मध्ये माली स्वतंत्र झाला. तरुण पोरंपोरी क्लब काढून रात्रभर नाचू लागली, क्युबाच्या आणि अमेरिकेच्या तबकड्या लावून. सिदिबे शनिवारी रात्री एका पार्टीतून दुसरीत जायचा, फ्लॅश मारायचा, परत येऊन रोल धुवायचा, आणि छोटे प्रिंट पुठ्ठ्यावर चिकटवून स्टुडिओबाहेर लावायचा. ज्याला आपला हवा त्याने सांगावा. १९६३ मधलं त्याचं नाताळच्या रात्रीचं चित्र दाखवतो. एक मुलगा आणि एक मुलगी, डोकी एकमेकांकडे झुकलेली, नजर खाली, मुलीचे पाय अनवाणी. गाणं कुठे आहे यात? गुडघ्यांत आहे. दोघांचे गुडघे एकाच मात्रेवर वाकलेत.

“सिदिबेला पुढची मात्रा कधी येणार ते ठाऊक होतं,” मी म्हणतो. “कारण तो ते गाणं ऐकत होता. आता तुम्हीही ऐका.”

आणि टाळ्या वाजवायला लावतो. घानातल्या एवे लोकांच्या वादनात गांकोगुई नावाची लोखंडी दुहेरी घंटा असते. बाकी सगळे ढोल तिच्या आधाराने चालतात. बारा मात्रांत सात ठोके: दोन, दोन, एक, दोन, दोन, दोन, एक. अर्धा वर्ग हा ठेका धरतो. उरलेल्यांपैकी काही जणांनी बारा मात्रांत चार समान टाळ्या द्यायच्या, काहींनी तीन. पहिली दोन मिनिटं नुसता गोंधळ. मग अचानक एकमेकांत बसतं, आणि चेहरे उजळतात. तीन आणि चार एकाच वेळी खरे आहेत, कोणी कोणाला खोडत नाही. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांतल्या वादनाचा हा कणा आहे. आपण सम शोधतो आणि तिथे विसावतो. आफ्रिकेतल्या या वादनात कोणता धागा धरायचा ते ऐकणाऱ्याने ठरवायचं, आणि नाचणारा पायाने एक, खांद्याने दुसरा धरतो. सगळ्या आफ्रिकेचं असं नाही, हेही सांगतो. पश्चिमेकडे एकवीस तारांचा कोरा आहे, कथाकारांच्या घराण्यांतून बापाकडून मुलाकडे आलेला. झिंबाब्वेत मबिरा आहे, लाकडी फळीवर लोखंडी पात्या, अंगठ्यांनी आणि तर्जनीने वाजवायच्या. खंड आहे तो, एक गाव नव्हे.

निवृत्त अधिकारी सगळ्यांत छान ठेका धरतात. ते भजनात पखवाज वाजवतात, हे आज कळलं.

सायंकाळी साडेसहा

गणपती तोंडावर आलेत. गंगापूर रस्त्याकडच्या एका मैदानावर पथकाचा सराव. वर्गातले बहुतेक सगळे आलेत. पाऊस थांबलाय, चिखल आहे, आणि मैदानाच्या कडेला दोन हॅलोजन. या उजेडात आयएसओ ३२०० वर नेतो, लेन्सचं तोंड पूर्ण उघडतो आणि शटरसाठी काय उरतं ते पाहतो. सेकंदाचा दोनशे-पन्नासावा भाग. टिपरूच्या वेगाला तो कमी आहे, पाचशेवा हवा.

म्हणून सकाळपासून जे सांगायचं होतं ते इथे, ढोलाशेजारी उभं राहून सांगतो. ढोलवाल्याचा हात सतत सारख्या वेगाने फिरत नाही. तो वर जातो, शेवटी क्षणभर थांबतो, आणि खाली येतो. वरच्या टोकाला हात जवळजवळ स्थिर असतो. तिथे सव्वाशेवा भागसुद्धा पुरतो. पण तो क्षण डोळ्याला दिसला म्हणून बटण दाबलं तर उशीर झालेला असतो. तो आधी कळावा लागतो, आणि आधी कळवतो तो कान. पथकात टोल वाजवणारा असतो. लोखंडी टोलाचा तो ठण्‌कार शेकडो ढोलांच्या गडगडाटातही वेगळा ऐकू येतो आणि सगळ्यांना बांधून ठेवतो. घानातली घंटा तेच काम करते. दुपारी टाळ्यांत धरलेलं आता उपयोगी आणा: टोलाकडे कान, हाताकडे डोळा, आणि बोट मात्रेच्या आधी.

पहिली वीस-पंचवीस चित्रं सगळ्यांची हुकतात. मग त्या सावळ्या मुलीच्या कॅमेऱ्यात एक येतं. ढोलवाली मुलगी, टिपरू डोक्याच्या वर, मनगट वळलेलं, तोंड उघडं, मागे ताशेवाल्यांची रांग धूसर. ढोलाचा खालचा काठ चौकटीत पूर्ण आहे.

“दादा, आम्हाला देणार ना फोटो?” पथकातली पोरं घेरतात. “मागच्या वर्षी एक जण काढून गेला, एक पण नाही दिला.”

“देणार. नाव सांग. कोणतं वाद्य, किती वर्षं वाजवतोस?”

पोरगा गोंधळतो. “ते कशाला?”

“फोटोखाली लिहायला.”

मग रांगच लागते. ढोल, ताशा, झांज, ध्वज. वहीचं पान चिखलाच्या बोटांनी भरतं. ताशाची किती वळणं पथकाची स्वतःची आणि किती जुन्या वादकांकडून आलेली, हेही एक जण सांगू लागतो, आणि मी फोनवर त्याचं बोलणं आणि वाजवणं दोन्ही रेकॉर्ड करतो. १८७५ मध्ये हे शक्य नव्हतं. आज प्रत्येकाच्या खिशात ते यंत्र आहे, आणि तरी आपण फोटो काढतो आणि आवाज सोडून देतो.

आता हळू शटर. सेकंदाचा पंधरावा भाग, कॅमेरा तिपाईवर. टोलवाल्याला मध्ये धरायला सांगतो, कारण गर्दीत तोच सर्वांत कमी हलतो. त्याचा चेहरा स्पष्ट येतो, आणि भोवतीचे हात, टिपरू, झांजा यांच्या पांढऱ्या-तांबड्या रेघा होतात. हे चित्र सगळ्यांना एकदम पटतं. ताल कोणावर उभा आहे ते त्यात दिसतं.

रात्री साडेनऊ

जेवण उरकून फोटो संगणकावर. निवड करताना मी कठोर असतो. चेहरा चांगला पण वाद्य कापलेलं, बाजूला. वाद्य पूर्ण पण हात मधल्या गतीत निर्जीव, बाजूला. उरतात थोडे. रंग फार ओढत नाही. हॅलोजनचा पिवळेपणा थोडा कमी करतो, त्वचा मात्र जशी होती तशी ठेवतो. आजींच्या फोटोला तर हात लावायची गरजच नाही, उजेडाने सगळं केलंय.

मग खरं काम, ओळी लिहिणं. प्रत्येक फाइलच्या माहितीत नाव, तारीख, जागा, वाद्य. पथकाच्या फोटोंबरोबर रेकॉर्डिंगच्या फाइलचा क्रमांकही, म्हणजे उद्या कोणी फोटो उघडला तर त्या हाताचा आवाज कुठे आहे ते सापडेल. ह्यू ट्रेसीने विसाव्या शतकात पूर्व, मध्य आणि दक्षिण आफ्रिकेतून गाणी गोळा केली, आणि १९५४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन संगीताचं ग्रंथालय उभं केलं. त्याच्या हजारो रेकॉर्डिंगचं मोल त्यांच्या नोंदींमुळे टिकलं: कोणती जमात, कोणतं वाद्य, कोणतं काम करताना गायलं. नोंदीविना तो नुसता आवाज राहिला असता, आणि नोंदीविना माझा फोटो नुसता चेहरा राहील.

शेवटी पुढच्या आठवड्याच्या स्लाइडमध्ये जेकबचं चित्र लावतो. जुन्या पुस्तकांत त्याच्याखाली बहुधा लिव्हिंगस्टनचा विश्वासू नोकर असं काहीतरी असतं. मी लिहितो: जेकब वेनराइट, याओ, शरणपूर (नाशिक) येथे शिक्षण, रोजनिशीकार, १८७४. रोजनिशीकार हा शब्द मुद्दाम घातलाय, कारण त्या प्रवासाची नोंद त्याने स्वतः ठेवली होती.

पथकातल्या त्या पोराचा मेसेज आलाय. त्याचं नाव वहीत ‘ऋषिकेश’ झालंय, तो ‘हृषीकेश’ लिहितो. दुरुस्त करतो आणि प्रिंटच्या यादीत टाकतो. उद्या सकाळी सुरगाण्याच्या रस्त्याला पावरीवाल्यांकडे जायचंय. रेकॉर्डरला नवे सेल घालून ठेवतो.